डायलिसिसच्या रुग्णांमधील मूत्रपिंडाच्या पुटी आणि सोनोग्राफीची देखरेख

मूत्रपिंडे निकामी झाल्यानंतर रक्तशुद्धीकरणाचे, म्हणजेच डायलिसिसचे, उपचार सुरू होतात आणि रुग्णाचे व त्याच्या कुटुंबीयांचे सारे लक्ष यंत्राकडे, रक्ताच्या अहवालांकडे आणि पिण्याच्या पाण्याच्या मापाकडे लागते. निकामी झालेल्या मूत्रपिंडांचा मात्र बहुतेकांना विसर पडतो. ती शरीरातच असतात, हळूहळू आकसत जातात आणि वर्षे लोटतात तशा त्यांच्यामध्ये द्रवाने भरलेल्या लहान लहान पिशव्या तयार होऊ लागतात. वैद्यकीय परिभाषेत या पिशव्यांना पुटी किंवा सिस्ट म्हणतात; रुग्णांना समजावताना डॉक्टर त्यांचा उल्लेख 'पाण्याच्या गाठी' असा करतात. यातील बहुसंख्य पुटी निरुपद्रवी असतात. परंतु काही रुग्णांमध्ये त्यांतून रक्तस्राव होतो आणि थोड्या रुग्णांमध्ये त्यांच्या सोबतीने कर्करोगाची गाठ वाढते. हा बदल वेळीच ओळखण्याचे सर्वांत सोपे, स्वस्त आणि वेदनारहित साधन म्हणजे सोनोग्राफी.

विकाराची ओळख

या विकाराला 'उपार्जित पुटीमय मूत्रपिंडविकार' असे म्हणतात. उपार्जित म्हणजे जन्मतः नसलेला, नंतर जडलेला. डायलिसिसच्या रुग्णांमधील या विकाराकडे वैद्यकीय जगताचे लक्ष प्रथम वेधले ते १९७७ साली. ऑक्सफर्ड येथील डनिल, मिलार्ड आणि ऑलिव्हर या तज्ज्ञांनी दीर्घकाळ डायलिसिसवर असलेल्या ३० रुग्णांच्या मूत्रपिंडांची मृत्यूनंतर तपासणी केली. त्यांपैकी जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या मूत्रपिंडांत पुटी आढळल्या आणि काहींमध्ये अर्बुदेही दिसून आली.

हा शोध त्याच काळात का लागला, याचे उत्तर डायलिसिसच्या इतिहासात आहे. विलेम कोल्फ यांनी १९४३ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, नेदरलँड्समध्ये कृत्रिम मूत्रपिंडाचे यंत्र तयार केले. तथापि, एकाच रुग्णावर वारंवार उपचार करणे शक्य झाले ते १९६० नंतर, अमेरिकेतील सिएटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी रक्तवाहिनीत कायम ठेवता येईल अशी नळी तयार केल्यामुळे. मूत्रपिंडे निकामी झालेला माणूस वर्षानुवर्षे जगू शकतो, ही गोष्ट नवीन होती. पुटी तयार होण्यास वर्षे लागतात; म्हणून रुग्ण वर्षानुवर्षे जगू लागल्यानंतरच त्या डॉक्टरांच्या नजरेस आल्या.

भारतातील सर्वसामान्य वाचकाला डायलिसिस या शब्दाचा परिचय झाला तोही याच सुमारास. आणीबाणीत स्थानबद्ध असताना लोकनायक जयप्रकाश नारायण यांची मूत्रपिंडे निकामी झाली. नोव्हेंबर १९७५ मध्ये त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात दाखल करण्यात आले आणि ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटणा येथे निधन होईपर्यंत त्यांचे जीवन डायलिसिसवर अवलंबून होते. त्यांच्यासाठी यंत्र घेता यावे म्हणून देशभरातील सामान्य माणसांनी वर्गणी दिली होती. त्या काळी हा उपचार मोठ्या शहरांतील मोजक्या रुग्णालयांपुरता मर्यादित होता. २०१६-१७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा झाली आणि जिल्हा रुग्णालयांतून दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना हा उपचार विनामूल्य उपलब्ध होऊ लागला. उपचार जितका दूरवर पोहोचेल आणि रुग्ण जितकी अधिक वर्षे जगतील, तितका पुटींचा प्रश्नही व्यापक होत जाईल.

पुटी का होतात?

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या आणि त्यांना जोडलेल्या नलिका असतात. मूत्रपिंड निकामी होत असताना यातील बहुसंख्य नष्ट होतात. उरलेल्या नलिकांवर कामाचा भार वाढतो, त्यांच्या अस्तराच्या पेशी फुगतात व त्यांची संख्याही वाढू लागते. नलिकेचा मार्ग काही ठिकाणी अरुंद होतो, तर काही ठिकाणी क्षारांच्या स्फटिकांमुळे अडतो. मागे साचलेल्या द्रवामुळे नलिका फुगते आणि तिची पुटी बनते. पेशींची ही अनिर्बंध वाढ हेच पुढे काही रुग्णांमध्ये अर्बुद निर्माण होण्याचे कारण असावे, असे मानले जाते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पुटी डायलिसिसच्या यंत्रामुळे होत नाहीत. मूत्रपिंड निकामी झाल्यामुळे शरीरात जी स्थिती निर्माण होते, तिच्यामुळे होतात. त्यामुळेच डायलिसिस सुरू होण्यापूर्वीही ७ ते २२ टक्के रुग्णांमध्ये त्या आढळतात. दोन ते चार वर्षे डायलिसिस झालेल्या रुग्णांमध्ये हे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांपर्यंत, तर आठ वर्षांनंतर सुमारे ९० टक्क्यांपर्यंत जाते. यंत्राद्वारे होणारे डायलिसिस असो वा पोटाच्या पडद्याद्वारे होणारे, प्रमाणात फारसा फरक पडत नाही. पुरुषांमध्ये हा विकार स्त्रियांपेक्षा अधिक दिसतो. मूत्रपिंड कशामुळे निकामी झाले, यालाही फारसे महत्त्व नसते. पुण्यामुंबईचा मधुमेही रुग्ण असो किंवा विदर्भातील पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यातून आलेला शेतकरी असो, वर्षे लोटली की दोघांच्याही मूत्रपिंडांत पुटी होण्याची शक्यता सारखीच असते.

आनुवंशिक विकाराशी गल्लत नको

पुटींचा दुसरा एक विकार आनुवंशिक आहे. त्यात मूत्रपिंडे आकसत नाहीत, उलट पुटींनी भरून प्रचंड मोठी होतात. अनेकदा यकृतातही पुटी असतात आणि घराण्यात आजाराचा इतिहास असतो. या विकाराला कारणीभूत असलेल्या दोन प्रमुख जनुकांचा शोध १९९४ आणि १९९६ साली लागला. आई किंवा वडील यांपैकी एकाला हा विकार असल्यास प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता ५० टक्के असते.

भारतात मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी दाता बहुतांशी घरातीलच असतो. म्हणून हा भेद केवळ पुस्तकी नाही. रुग्णाच्या पुटी उपार्जित असतील, तर भावाबहिणींना काळजीचे कारण नाही. त्या आनुवंशिक असतील, तर मूत्रपिंड देऊ इच्छिणाऱ्या भावाचीच आधी तपासणी करावी लागते. अशा कुटुंबातील व्यक्तीचे वय १५ ते ३९ असेल आणि सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडे मिळून तीन किंवा अधिक पुटी दिसल्या, तर तिला विकार असल्याचे निदान केले जाते. ४० ते ५९ या वयात प्रत्येक मूत्रपिंडात किमान दोन, तर ६० नंतर प्रत्येकी किमान चार पुटी हा निकष आहे. वयानुसार निकष बदलतो, कारण साध्या एखाद-दुसऱ्या पुटी निरोगी माणसातही उतारवयात आढळतात.

सोनोग्राफीत काय दिसते?

मानवी कानाला ऐकू न येणाऱ्या उच्च कंपनसंख्येच्या ध्वनिलहरी शरीरात सोडायच्या आणि त्यांच्या प्रतिध्वनींपासून चित्र तयार करायचे, हे सोनोग्राफीचे तत्त्व होय. मूत्रपिंडाच्या तपासणीसाठी सामान्यतः सेकंदाला वीस ते पन्नास लाख कंपने असलेल्या लहरी वापरल्या जातात. यात क्ष-किरणांचा संबंध नसल्याने तपासणी कितीही वेळा केली तरी किरणोत्साराचा धोका नसतो.

गाठ पाण्याची आहे की घन, हे ओळखण्यात या तंत्राचा हातखंडा प्रारंभापासूनच आहे. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील इयन डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ साली पोटातील गाठींच्या सोनोग्राफीवर निबंध प्रसिद्ध केला. पोटात असाध्य कर्करोग असल्याचे समजले गेलेल्या एका महिलेच्या शरीरात प्रत्यक्षात बीजाशयाची पाण्याची गाठ असल्याचे त्यांनी या तंत्राने दाखवून दिले होते. शस्त्रक्रियेनंतर ती महिला बरी झाली. डायलिसिसच्या रुग्णाच्या बाबतीत सोनोग्राफीला विचारला जाणारा प्रश्न आजही तोच आहे.

साधी पुटी पडद्यावर काळीभोर, गोलाकार आणि पातळ, गुळगुळीत भिंतीची दिसते; द्रवातून लहरी सहज पार होत असल्यामुळे तिच्या मागचा भाग अधिक उजळ दिसतो. अशा पुटीची चिंता करण्याचे कारण नसते. भिंत जाड किंवा ओबडधोबड असणे, आत पडदे असणे, चुन्याचे कण साचणे आणि विशेषतः आत घन भाग दिसणे ही संशयाची लक्षणे होत. डॉप्लर तपासणीत त्या घन भागात रक्तप्रवाह आढळल्यास संशय अधिक बळावतो. गुंतागुंतीच्या पुटींची वर्गवारी करण्यासाठी मॉर्टन बॉस्नियाक यांनी १९८६ साली मांडलेली पद्धत जगभर वापरली जाते. मूळ पद्धत सीटी स्कॅनवर आधारित होती. २०१९ च्या सुधारित आवृत्तीत एमआरआयचाही समावेश करण्यात आला.

सोनोग्राफीला मर्यादाही आहेत. निरोगी मूत्रपिंडाची लांबी साधारणतः ९ ते १२ सेंटिमीटर असते. निकामी मूत्रपिंड लहान झालेले असते, त्याचा पोत बदललेला असतो आणि आजूबाजूच्या चरबीपासून ते वेगळे ओळखणेही कधी कधी कठीण जाते. त्यात अनेक लहान पुटींची दाटी असेल, तर त्यांच्यामधील एखादी छोटी घन गाठ नजरेतून निसटू शकते. तपासणी करणाऱ्याचा अनुभव येथे निर्णायक ठरतो.

संशय आल्यास पुढील पायरी सीटी स्कॅनची असते. त्यासाठी शिरेतून आयोडिनयुक्त औषध द्यावे लागते. ज्या रुग्णाला अजून थोडीफार लघवी होते, त्याच्या बाबतीत हे औषध देताना सावधगिरी बाळगावी लागते, कारण उरलेले कार्यही त्याला मोलाचे असते. एमआरआयसाठी वापरल्या जाणाऱ्या गॅडोलिनियमयुक्त औषधांचा संबंध त्वचा व अन्य अवयव कडक करणाऱ्या एका गंभीर विकाराशी असल्याचे २००६ साली निदर्शनास आले. तेव्हापासून डायलिसिसच्या रुग्णांना ही औषधे विचारपूर्वक दिली जातात. नव्या प्रकारच्या औषधांत हा धोका बराच कमी आहे. सूक्ष्म वायुबुडबुड्यांचे औषध टोचून केलेली सोनोग्राफी हा आणखी एक पर्याय होय. हा वायू श्वासावाटे बाहेर पडतो, मूत्रपिंडावर त्याचा भार येत नाही. मात्र ही सोय सर्वत्र उपलब्ध नाही.

धोका किती?

अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील डायलिसिसच्या सुमारे ८ लाख ३० हजार रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यात मूत्रपिंडाच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वसामान्य लोकसंख्येच्या तुलनेत साडेतीन पटींहून किंचित अधिक आढळले. ज्यांच्या मूत्रपिंडांत पुटी आहेत, त्यांच्यामध्ये धोका याहूनही अधिक असतो. जपानमध्ये कानाझावा येथील इसाओ इशिकावा यांनी डायलिसिसच्या रुग्णांमधील या कर्करोगाची माहिती अनेक वर्षे पद्धतशीरपणे गोळा केली. डायलिसिसचा काळ वाढतो तसा धोका वाढतो, हे त्यातून स्पष्ट झाले. या पुटीमय विकाराशी निगडित असा कर्करोगाचा एक स्वतंत्र प्रकार जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या वर्गीकरणात मान्य करण्यात आला आहे.

असे असले तरी घाबरून जाण्याचे कारण नाही. पुटी असलेल्या बहुसंख्य रुग्णांना कर्करोग होत नाही आणि तपासणीत लवकर सापडलेल्या गाठी बहुधा लहान व मंद गतीने वाढणाऱ्या असतात. अडचण एवढीच, की अशी गाठ सुरुवातीला कोणताही त्रास देत नाही.

देखरेख कोणाची आणि किती वेळा?

या प्रश्नावर तज्ज्ञांमध्ये एकमत नाही. वरवर पाहता प्रत्येक रुग्णाची दरवर्षी तपासणी करणे योग्य वाटते आणि जपानमध्ये अशी प्रथा रूढही आहे. तथापि, १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात वेगळा मुद्दा पुढे आला. डायलिसिसच्या रुग्णांमध्ये मृत्यूचे सर्वांत मोठे कारण हृदयविकार हे आहे. ज्या वृद्ध रुग्णाला मधुमेह, हृदयविकार आणि अन्य व्याधी आहेत, त्याच्या मूत्रपिंडातील मंद वाढणारी लहान गाठ शोधून काढल्याने त्याचे आयुष्य वाढतेच असे नाही; उलट पुढील तपासण्या आणि शस्त्रक्रिया यांचा ताण त्याला सोसावा लागतो. याउलट, तरुण आणि अन्यथा निरोगी रुग्णाला नियमित तपासणीचा लाभ होऊ शकतो.

म्हणून व्यवहारात मधला मार्ग स्वीकारला जातो. डायलिसिस सुरू होताना एक सोनोग्राफी करून मूत्रपिंडांची लांबी आणि पुटींची स्थिती नोंदवून ठेवावी. साधारणतः तीन वर्षांनंतर, रुग्णाचे वय व प्रकृती पाहून, वर्षातून एकदा तपासणी करावी. प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षेत असलेल्यांच्या बाबतीत मात्र मार्गदर्शन अधिक स्पष्ट आहे. तीन वर्षे किंवा अधिक काळ डायलिसिस झालेल्या, पुटी असलेल्या किंवा कुटुंबात मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा इतिहास असलेल्या इच्छुक रुग्णांची सोनोग्राफी करावी, असे २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत सुचविण्यात आले आहे. प्रत्यारोपणानंतर रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात. लपून राहिलेला कर्करोग त्या काळात बळावण्याची भीती असते. तीन सेंटिमीटरपेक्षा लहान, योगायोगाने सापडलेली गाठ काढून टाकल्यानंतर प्रत्यारोपणासाठी थांबण्याची गरज सहसा राहत नाही. मोठ्या गाठीनंतर मात्र काही वर्षे प्रतीक्षा करावी लागते. गाठ केव्हा सापडली, यावर प्रत्यारोपण केव्हा होणार हे अवलंबून असते, ते असे.

यशस्वी प्रत्यारोपणानंतर जुन्या मूत्रपिंडांतील पुटी अनेकदा आक्रसतात. तरीही ती मूत्रपिंडे शरीरातच असतात, हे ध्यानात ठेवून त्यांची अधूनमधून तपासणी करावी.

तपासणीला जाताना

तपासणीपूर्वी 'भरपूर पाणी पिऊन या' अशी सूचना सोनोग्राफी केंद्रांत सर्रास दिली जाते. ती मूत्राशय भरलेले असावे यासाठी असते. मूत्रपिंडे पाहण्यासाठी तिची आवश्यकता नाही. डायलिसिसच्या रुग्णाला दिवसाचे पाणी मोजून प्यावे लागते. जयपूरच्या जवाहर नगरात असो वा नागपुरात, उन्हाळ्यात तर तहान आवरणे ही त्याची रोजची परीक्षाच असते. अशा रुग्णाने या सूचनेपायी लिटरभर पाणी प्यायल्यास त्याला धाप लागण्यापर्यंत मजल जाऊ शकते. म्हणून आपण डायलिसिसवर आहोत, हे केंद्रात आधीच सांगावे. फिस्टुला असलेल्या हातावर दाब पडू देऊ नये आणि त्या हाताचा रक्तदाब मोजू देऊ नये.

'डायलिसिसच्या खोलीतच यंत्र आणून तपासणी का करत नाहीत?' असा प्रश्न रुग्ण विचारतात. त्याचे उत्तर कायद्यात आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. केंद्रीय कायदा १९९४ साली संमत होऊन १९९६ पासून अमलात आला आणि २००३ साली अधिक कडक करण्यात आला. त्यानुसार प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची आणि ते वापरले जाते त्या जागेची नोंदणी बंधनकारक आहे. कोल्हापुरात २०१० च्या सुमारास यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' बसविण्यात आले. राजस्थाननेही त्याच धर्तीवर यंत्रांना 'ट्रॅकर' जोडले. यामुळे यंत्र वाटेल तेथे नेता येत नाही. नोंदणीकृत रुग्णालयाच्या आवारात, तेथे दाखल असलेल्या रुग्णासाठी मात्र फिरते यंत्र वापरता येते.

तपासणीच्या अहवालात दोन्ही मूत्रपिंडांची लांबी, पुटींची अंदाजे संख्या, सर्वांत मोठ्या पुटीचा आकार आणि घन भाग आहे किंवा नाही, याचा उल्लेख असावा. एकट्या अहवालापेक्षा दोन अहवालांची तुलना अधिक बोलकी असते. म्हणून जुने अहवाल आणि चित्रे जपून ठेवून प्रत्येक वेळी सोबत न्यावीत.

ही लक्षणे दुर्लक्षू नयेत

वार्षिक तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे, अशी काही लक्षणे आहेत. लघवीतून रक्त जाणे, कमरेच्या एका बाजूला अचानक तीव्र वेदना होणे आणि थंडी वाजून ताप येणे ही त्यांपैकी प्रमुख होत. पुटी फुटल्यास मूत्रपिंडाभोवती रक्तस्राव होऊ शकतो. डायलिसिसच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन दिले जाते, त्यामुळे हा रक्तस्राव वाढण्याचा धोका असतो. अशा वेळी हेपॅरिनविना डायलिसिस करण्याचा निर्णय घेतला जातो. त्यामुळे वेदनेची माहिती डायलिसिस सुरू होण्यापूर्वीच तंत्रज्ञाला देणे आवश्यक आहे. आणखी एक लक्षण फसवे आहे. डायलिसिसच्या रुग्णांचे हिमोग्लोबिन साधारणतः कमी असते. ते इंजेक्शनांचा डोस न वाढवता आपोआप वाढू लागले, तर घरच्यांना आनंद होतो. क्वचित प्रसंगी मात्र मूत्रपिंडातील पुटी किंवा गाठ हे या वाढीचे कारण असू शकते.

कर्करोगाचे निदान झाल्यास बहुधा ते मूत्रपिंड काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो. निकामी मूत्रपिंड काढल्याने डायलिसिसच्या वेळापत्रकात सहसा मोठा फरक पडत नाही. मात्र ज्यांना अजून लघवी होते, त्यांची ती सवलत कमी होते. दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया शक्य असल्यास रुग्ण लवकर सावरतो.

डायलिसिसचा रुग्ण आठवड्यातून दोन-तीन वेळा, प्रत्येक खेपेस सुमारे चार तास यंत्राशेजारी घालवतो. येण्याजाण्याचा खर्च, बुडणारी मजुरी आणि सोबत येणाऱ्या माणसाचा दिवस यांचा हिशेब त्याला रोजच मांडावा लागतो. त्यात आणखी एका तपासणीची भर घालताना तिची खरोखर गरज कोणाला आहे, याचा विचार डॉक्टरांनी करावा, हे योग्यच. परंतु ज्याच्यापुढे आयुष्याची अनेक वर्षे आहेत आणि ज्याचे नाव प्रत्यारोपणाच्या यादीत आहे, त्याच्यासाठी वर्षातून एकदा, पंधरा-वीस मिनिटांची ही तपासणी टाळण्याजोगी नाही.